कपात होतंय, पिंपात न्हाय

जमादार सरांसमोर नवीन वस्तू आणायची चोरी. "छान आहे" म्हणायच्या आधी ते खिशातून खिळा काढतात आणि तिच्यावर एक रेघ मारून बघतात. माझ्या पुतणीच्या लग्नात मांडून ठेवलेल्या नव्या कोऱ्या कपाटावर त्यांनी सगळ्यांदेखत ओरखडा काढला, फुंकर मारली आणि व्याह्यांना म्हणाले, "पावणं, रंग कच्चा हाय. भट्टीतनं घाईनं काढलाय." व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंगतीकडे पाहिलं.

सर आमच्या विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवायचे. मी तिथेच, संशोधन-उद्योग समन्वय कक्षात अधीक्षक आहे. प्राध्यापकांनी प्रयोगशाळेत जे शोधलं ते कारखान्यापर्यंत पोचवायचं, हे आमचं काम. दारावर तशी पितळी पाटीसुद्धा आहे. अकरा वर्षांत आम्ही बाहेर पोचवलेली एकमेव वस्तू म्हणजे ती पाटी. दर दिवाळीला पॉलिशसाठी उद्यमनगरात जाते आणि परत येते.

सरांनी साखर कारखान्याच्या बॉयलरमधल्या राखेपासून एक लेप तयार केला होता. फौंड्रीत वाळूच्या साच्यात लोखंडाचा रस ओतला, की वाळू ओतून झालेल्या भागाला, म्हणजे कास्टिंगला, चिकटून बसते. मग कुणीतरी ती ग्राइंडरने घासून काढायची आणि दिवसभर तिची धूळ नाकातोंडात घ्यायची. साच्याला आतून सरांचा लेप दिला तर वाळू चिकटतच नाही. यावर सरांचे शोधनिबंध छापून आले, पेटंट मिळालं, कुलगुरूंच्या हस्ते गुच्छही मिळाला. सरांना मात्र एकच हवं होतं. निवृत्त व्हायच्या आत हा लेप एखाद्या फौंड्रीत रोजच्या वापरात यावा.

कुणी अभिनंदन केलं की ते वैतागायचे. "अभिनंदन कशाचं? कपात होतंय, पिंपात न्हाय." हे त्यांचं पालुपद. प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्याला ते कप म्हणायचे, आणि पिंप म्हणजे दोनशे लिटरचं. या दोहोंमधलं अंतर माझ्या टेबलावरून जात होतं.

पहिली अडचण राखेची. राख फुकट मिळते. पण भांडार विभागाचा नियम असा, की कुठलीही सामग्री आणायची तर तीन दरपत्रकं हवीत. मी नियमाप्रमाणे फाइल परत पाठवली. सर स्कूटरवरून तीन साखर कारखाने फिरले आणि तीन पत्रं घेऊन आले. तिन्हींत लिहिलेलं, ‘राख, दर शून्य.’ भांडार विभागाने शेरा मारला, ‘तिन्हींपैकी सर्वांत कमी दर कोणता, ते स्पष्ट व्हावे.’

सर माझ्यासमोर खुर्चीवर बसले. "मॅडम," म्हणाले, "मी चाळीस वर्सं पदार्थ अभ्यासले. ह्यो कंचा पदार्थ हाय वो?"

शेवटी सगळ्यांत जवळच्या कारखान्याचं शून्य ते सगळ्यांत कमी, असं मीच लिहून दिलं. तेवढ्यात पावणेदोन वर्षं गेली.

मग लेपाची एक बादली शिरोलीला चौगुले अण्णांच्या फौंड्रीत न्यायची होती. गेटवरच्या शिपायाने अडवलं. विद्यापीठाची मालमत्ता बाहेर न्यायची तर ‘परत आणणे आहे’ असा गेटपास लागतो. "अरं बाबा, साच्याला लावणार, वर रस ओतणार! परत काय आणू, धूर?" सर ओरडत होते. शिपाई शांतपणे म्हणाला, "ते तुमी बघा. परत कदी आणणार, तेवढी तारीक घाला." तारीख मी घातली. त्या बादलीतला लेप अजून आमच्याकडे परत आलेला नाही आणि लेखापरीक्षणात दरवर्षी त्याची विचारणा होते.

चाचणीला मीही गेले होते. अण्णांनी साचा फोडला, कास्टिंगवर तळहात फिरवला आणि आम्हाला दाखवला. हाताला वाळूचा कणसुद्धा नव्हता. सर लहान मुलासारखे हसत होते. अण्णा म्हणाले, "सर, नादखुळा! उद्यापास्नं हप्त्याला दोन पिंपं द्या."

सरांचं हसू तिथेच थांबलं. प्रयोगशाळेत दिवसाला एक बादली व्हायची, तीही दोन माणसं राबली तर.

बैठक झाली. विद्यापीठ म्हणालं, उत्पादन करणं आमचं काम नाही. अण्णा म्हणाले, "शोध लावणं माजं काम न्हाय. पिंप द्या, घेतो." दोघांचंही खरं होतं. मधली जागा आमच्या कक्षाची होती आणि त्या जागेसाठी आमच्याकडे फक्त एक रजिस्टर होतं. अण्णांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि बाहेरून विकत आणलेला जुन्या पद्धतीचा लेपच सुरू ठेवला. सर निवृत्त झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला.

गेल्या महिन्यात ‘प्रकल्प बंद’ या कागदावर त्यांची सही हवी होती म्हणून मी सकाळीच सदर बाजारात त्यांच्या घरी गेले. भाभींनी दार उघडलं. "या, पर साडी सांबाळा, राख हाय," म्हणाल्या. परसात इडलीच्या पिठाचा मोठा ग्राइंडर घरघरत होता आणि सर त्यात करड्या रंगाचं काहीतरी ओतत होते.

"हे काय, सर?"

"रोज एक बादली हुतीया. अण्णाकडं नेतो." मग खाली बघत म्हणाले, "सगळ्या साच्यास्नी पुरत न्हाय. फौंड्रीतल्या शेवटच्या ग्राइंडरवर जी कास्टिंगं घासाय जात्यात, तेवढ्यांच्याच साच्यास्नी लावतो."

"शेवटचाच का?"

"तितं आमचा रफिक बसायचा. धाकटा भाऊ. सव्वीस वर्सं बसला."

अकरा वर्षं मी या माणसाच्या फायली परत पाठवत होते. त्यांना भाऊ आहे हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "आता कसे आहेत?"

"गेला की. बकरी ईदच्या आदी. छाती धुळीनं भरली हुती." सरांनी पिठाचा ग्राइंडर बंद केला.

मी विचारू नये ते विचारलं. "मग आता ही बादली कुणासाठी, सर?"

"त्याच्या जाग्यावर कोडोलीचा एकजण बसतोय. त्यालाबी छाती हाय की, मॅडम."

मला माझीच लाज वाटली. कागद पर्समध्येच ठेवावा असं वाटलं, पण सरांनी हात पुढे केला. "द्या इकडं. दहाची ओतणी हाय, उशीर हुतोय." न वाचता त्यांनी सही केली, बादली स्कूटरवर पायांत धरली आणि गेले.

मी तो कागद घेऊन ऑफिसात आले आणि प्रकल्प बंद केला.