लंगडी सशीण आणि तिसावे प्रकरण

एका जंगलात, म्हणजे मुलांनो, पोलंड नावाच्या थंडगार देशातल्या एका जंगलात, तीन अस्वलांचे राज्य होते. त्यांनी जंगल आपसात वाटून घेतले होते आणि प्राण्यांना कुणी विचारले नव्हते. त्यामुळे प्राण्यांना कथांची फार गरज पडे.

कथा सांगायला काझिमिर नावाचा, बिळात राहणारा म्हातारा बिज्जू होता. दर रविवारी ओकच्या बुंध्यावर बसून तो एक प्रकरण सांगे. त्याच्या कथांत पंखवाले घोडे अस्वलांशी लढत आणि देशासाठी मरत. श्रोते हुंदके देत घरी जात.

काझिमिरच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. शेजारची लंगडी सशीण, अन्येला, त्याला रोज कंद चावून लगदा करून देई. सशांचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे तिला चावायला काहीतरी लागेच. ही गोष्ट काझिमिर चारचौघांत काढत नसे.

एका वसंतात करकोचा आला. तो दरवर्षी परदेशी जाऊन येई, म्हणून त्याचे सगळे खरे. तो म्हणाला, “तिकडे नवं शास्त्र निघालंय. जगाशी जुळवून घेतो तो टिकतो. बाकीचे जातात. यात कुणाचा दोष नाही.”

“दोष नाही?” काझिमिर हरखला. “मग घोडे बंद! आता जसं आहे तसंच सांगायचं.”

त्याने नवी कथा लावली. नायिका लंगडी सशीण. दर प्रकरणात तिचे काहीतरी जाई. आधी घर गेले, मग सोयरे गेले. मध्येच बाराव्या प्रकरणात दात पडलेला एक लांडगा उपाशी मेला. काय ते वर्णन! टाळ्या थांबेनात. अस्वलांनीसुद्धा निरोप धाडला, “छान. आमचंही हेच म्हणणं आहे.” शेवटच्या, तिसाव्या प्रकरणात सशीण मरणार, हे सगळ्यांनी ताडले.

हिवाळा आला. करकोचा उडून गेला, शास्त्र मागे राहिले. अन्येला सामायिक कोठारातून आपला वाटा आणायला गेली, तर कोठार सांभाळणारी खार म्हणाली, “अन्येलाताई, तुम्ही तिसाव्यात जाणार. मग वाटा कशाला वाया घालवायचा?”

अन्येला तडक काझिमिरकडे गेली. “काका, निदान थंडी सरेपर्यंत तरी जगवा मला.”

“माझ्या हातात काय आहे, पोरी? निसर्गनियम आहे. मी फक्त निरीक्षण करतो.”

“पण कथा तर तुम्हीच सांगता ना?”

काझिमिर खोकला. अन्येलाला रडू आले. तिने रोजचा लगदा त्याच्यापुढे ठेवला आणि गोठलेल्या नदीवरून ती पलीकडे निघून गेली. तिथे झाडांच्या साली कुरतडून राहिली.

दुसऱ्या दिवशी काझिमिरने कंद तोंडात धरला. दुपारपर्यंत धरला. शेवटी लाज सोडून तो खारीकडे गेला.

“कुणी जरा चावून देईल का गं?”

“काका,” खार म्हणाली, “बारावं प्रकरण.”

काझिमिरला आपलाच लांडगा आठवला. त्या रविवारी त्याने नदीकडे तोंड करून, घसा ताणून कथा सांगितली. तिच्यात सशीण वाचली आणि सगळ्यांनी एकमेकांना घास भरवले. श्रोते जांभया देत उठले.

“हे पुन्हा पंखवाले घोडेच,” कोल्हा म्हणाला. “यात वास्तव कुठंय?”

तेवढ्यात नदीपलीकडून आवाज आला, “परत येते मी, काका. पण बुंध्यावर मी बसणार.”

वसंतात करकोचा परतला, तेव्हा बुंध्यावर अन्येला होती. खार तिचा वाटा स्वतः घेऊन आली होती, वर चार अक्रोड जास्तच. कथेचा नायक होता एक बोळका बिज्जू. पुढच्या रांगेत काझिमिर रिकामी वाटी घेऊन बसला होता.

“अन्येलाताई,” त्याने हळूच विचारले, “पुढच्या रविवारी मी आहे ना?”

अन्येला कंद चावत राहिली. “बघू या, काका. मी फक्त निरीक्षण करते.”

तात्पर्य : दुबळ्यांना मदत करावी, असे तुम्हांला वाटले असेल. छे! कुणालाही निसर्गाच्या हवाली करण्याआधी आपला घास कोण चावून देतो, एवढे पाहून ठेवावे. मग शास्त्र खुशाल सांगावे.