काकूंच्या कोटाची बटणं

रोज सकाळी काकूंच्या कोटाची बटणं लावायची, हे घड्याळकाकांचं काम होतं आणि त्यात लुडबुड करायची हिंमत त्यांच्या सख्ख्या मुलीतही नव्हती. काकूंना सिस्टेमिक स्क्लेरोसिस झाला होता. हे नाव घेताना भल्याभल्यांची जीभ वळत नाही. काकूंची तर बोटंच वळेनाशी झाली होती. कातडी आवळून घट्ट, आणि जरा गारवा लागला की बोटं पांढरीफटक. काकांचा जन्म डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला, त्यामुळे बटणं लावणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. तेवढ्या वेळात आदल्या दिवशीचं भांडण मिटायचं आणि नवं सुरू व्हायचं. काकांचा दिवस खरा उगवायचा तो तेव्हा.

मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, या आजारात हाडंही ठिसूळ होऊ शकतात. रोज चाला, उन्हात बसा, गोळ्या चुकवू नका. तुम्हीही जात जा सोबत, असं त्यांनी काकांनाही सुचवलं. माझ्या हाडांना काय धाड भरलीय, असं म्हणून काका दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसले.

काकू मात्र बागेत जाऊ लागल्या. तिथे रोज चालायला येणारा एक शिंपी होता. त्यानं काकूंची बोटं पाहिली, कोट पाहिला, आणि दुसऱ्याच दिवशी सगळी बटणं काढून वेल्क्रो लावून दिला. आता काकू आरशासमोर उभ्या राहायच्या, चर्र, की कोट बंद. काकांना पुढे केलेले हात मागे घ्यावे लागले.

"बघा ना, किती सोपं झालं," काकू म्हणाल्या.

"छान," काका म्हणाले. असं छान त्यांनी याआधी फक्त समोरच्या दुकानात दुसरा घड्याळवाला आला तेव्हा म्हटलं होतं.

पुढे रोज तेच. शिंपीभाऊ असं म्हणाले, शिंपीभाऊंनी बरणीचं झाकण उघडायला रबराची पट्टी दिली, शिंपीभाऊ किती झपझप चालतात. आता झाकणं उघडायचं कामही काकांच्या हातून गेलं. काकांना स्वप्नात चर्र ऐकू यायला लागलं. शेवटी एका दुपारी काकू झोपल्या असताना त्यांनी कोट मांडीवर घेतला, भिंग लावलं आणि बारीक चिमट्यानं वेल्क्रोच्या एकेका दातात कापूस भरला. इतकं नाजूक काम त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

सकाळी कोट काही चिकटेना. काका बोटं मोडत तयारीत उभे. काकू म्हणाल्या, "असू दे. शिंपीभाऊंना दाखवते."

आणि गेल्यासुद्धा, कोट तसाच छातीशी धरून.

काका मागोमाग निघाले. बागेत एका झुडपाआड उकिडवे बसून त्यांनी पाहिलं, तर शिंपी कोट उलटापालटा करत होता आणि काकू हसत होत्या. एवढं हसण्यासारखं काय आहे त्या कोटात? नीट ऐकू यावं म्हणून ते उठायला गेले, पण बसून बसून पायाला मुंग्या आलेल्या. पाय जागचा हललाच नाही, काका तेवढे पुढे पडले. उजवा हात टेकला आणि मनगट कटकन वाजलं. धावत कोण आलं? शिंपीच.

"भाऊ, इथे काय करताय?"

"फिरायला आलोय," काका जमिनीवरून म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी मनगटाला प्लास्टर घातलं, पण त्यांच्या कपाळावरची आठी जाईना. नुसतं उठताना पडून मनगट मोडतंच कसं? काकूंची हाडं तपासायची वेळ झालीच होती, तर त्यांनी दोघांनाही हाडांची घनता मोजायच्या मशीनखाली झोपवलं. काकूंची हाडं गेल्या वर्षीइतकीच टिकून होती. काकांची मात्र विरायला लागली होती.

"आजार हिला, आणि हाडं माझी?" काकांना हा अन्याय सहन होईना. रिपोर्टसुद्धा बायकोचाच चांगला.

दोघांनाही रोज चालायची ताकीद मिळाली. काकांचे सगळे शर्ट शिंप्याकडे गेले आणि वेल्क्रो लावून परत आले. काकांनी ते खालमानेनं घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू कोट घालून त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. खाली सगळा वेल्क्रो, पण गळ्याशी एक बटण.

"हे कुठून आलं?"

"मी लावून घेतलं. वेल्क्रोत चिमट्यानं कापूस भरणारा माणूस या घरात एकच आहे, तेवढं मला कळतं. लावा आता."

काकांचे कान लाल झाले. त्यांनी डाव्या हातानं बटण धरलं. ते निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. दोघांना चालायला न्यायला आलेला शिंपी दारात ताटकळत उभा होता.

"वहिनी, मी लावून देऊ?"

"खबरदार," काका म्हणाले, आणि इतक्या आवेशानं छाती फुगवली की त्यांचाच शर्ट वरपासून खालपर्यंत उघडला. चर्र.

काकूंनी तळहातानं दाबून दाबून तो बंद केला. त्याला बोटं लागत नाहीत.