लाभ, दोन, तीन

शाळेत मी सव्वा वर्ष गेले, तेही शाळेपुढं शेळी बांधायला चांगली बाभळ होती म्हणून! पण मोजमापात ह्या धोंडुबाईला फसवणारा अख्ख्या जत तालुक्यात नाही, हे आधीच सांगून ठेवते.

म्हणूनच नातीचं हाल बघवंनात. प्रांजल पहिलीत. एरवी दिवसभर चिमणीसारखी चिवचिव, पण "किती झाले?" विचारलं की गोगलगायीसारखी आत! सुनेनं, सोनियानं, मोबाईलात आकडे शिकवणारी एक बाई आणली. ती दर दोन मिनिटांनी गोड आवाजात "पुन्हा प्रयत्न करा" म्हणायची आणि पोरगी पलंगाखाली शिरायची.

"बंद कर ती भवानी!" मी म्हटलं. "आठ दिस शाळा सुटली की पोरगी माज्याकडं दे."

"आवं आत्याबाई, पर तुमाला तरी कुठं..."

"काय कुठं?"

"काय न्हाई. घ्या की!"

ज्वारीचा ढीग, लोखंडी मापटं आणि सोप्यात आम्ही दोघी. मी माप भरून पोत्यात ओतायची, तिनं मोजायचं. "लाभ! दोन! तीन!" आमच्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. धान्याला बरकत राहते. साठ वर्षं हेच तोंडात, त्यामुळं पोरीला वेगळं काही सांगायचं सुचलंच नाही. श्वास घेताना कोण सांगत बसतं का!

पोरगी अशी खुलली म्हणता! कोंबड्या मोजल्या, दोरीवरचे चिमटे मोजले. बापाच्या मिशीतले पांढरे केस लाभ, दोन, तीन करत अकरापर्यंत गेले. माझ्या लेकानं, बिराप्पानं, त्याच दिवशी मिशी काढली!

नवव्या दिवशी शाळेतनं प्रीतीबाईंचा फोन. "आजी, ताबडतोब या!"

सत्काराबिगर दुसरं काय असणार? मी नवं इरकल नेसले. शाळेच्या फाटकात पाय टाकला, तर मैदानावर पहिलीची कवायत चाललेली. "लाभ दोन! लाभ दोन! लाभ दोन!"

प्रीतीबाई केस विस्कटून उभ्या. "आजी, आठ दिवसांत माझ्या वर्गातला एक नाहीसा झाला!"

मी पदर खोचला. "नाहीसा? आन् तुमी हितं हुब्या? पोरं किती तुमची?"

"सत्तावीस, पण आजी..."

ऐकतंय कोण! मी पोरांच्या डोक्यांवर हात ठेवत पळत सुटले. "लाभ, दोन, तीन, चार..." मैदानावर सव्वीस भरली. वर्गात शिरले, तर बाकाखाली दोन वेण्या दिसल्या. "सत्तावीस! भरल्याती की वो समदी!"

बाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे हे तुमच्याकडनं आलंय! अहो, पोरं एक म्हणायलाच तयार नाहीत. काल मी प्रांजलला सांगितलं, लाभ चूक आहे. तेव्हापासून ती बोलतच नाही."

सत्ताविसाव्या त्या वेण्या माझ्या प्रांजलच्याच होत्या!

मी खाली बसले, इरकलासकट. "प्रांजे, भाईर ये गं."

"मला मोजाय येत न्हाई आजी. कवाच येणार न्हाई."

आयुष्यात मी चूक कबूल केलेली नाही. नवऱ्यापुढं नाही, सुनेपुढं तर नाहीच नाही. पण ते एवढंसं तोंड बघितलं आणि म्हटलं, "तुजं मोजणं बराबर हाय. चुकलं माजं. शाळंत एकच म्हणायचं."

"मग तू म्हण."

एवढंच ना! बाईंनी खिचडीच्या तांदळाचं तळाला आलेलं पोतं आणि वाटी पुढं ठेवली. सगळा वर्ग भोवती. मी वाटी भरली, ओतली. "ला..." जीभ चावली. पुन्हा भरली. "ए... ए..." तांदूळ पडला आणि तोंडातनं आपोआप "लाभ!"

पोरं खो खो हसली. आत कोपऱ्यात जाऊन बसावंसं वाटलं, खरंच सांगते. पोरीला रोज असं होत होतं तर!

तेवढ्यात प्रांजल बाकाखालनं सरपटत आली. "हसू नका रं! शिकतीया ती!" आणि माझ्या मनगटाला धरून हळूच म्हणाली, "भिऊ नगं आजी. चुकलं तर परत वतू. माज्या मागनं म्हण. एक."

"एक," मी म्हटलं.

"दोन."

"दोन."

तिनं मला विसापर्यंत नेलं. कुठं अडखळली नाही, आवाज कुठं खाली आला नाही. बाई डोळे पुसत होत्या. आता पोतं मोकळं झालं आणि तांदूळ सगळा फरशीवर, म्हणूनही असेल!

तेव्हापासून रोज संध्याकाळी घरी माझा वर्ग भरतो. काल पहिल्यांदा मी लाभ न म्हणता एकापासून शंभरापर्यंत गेले. प्रांजल म्हणाली, "शाब्बास!" आणि तळहातावर लाल पेनानं चांदणी काढली.

सोनिया विचारत होती, "आत्याबाई, आज भांडी घासाय हात लावला न्हाईसा?"

चांदणीवर मूठ मिटून मी म्हटलं, "हात लय दुखतुया गं!"