दीपस्तंभाचा नांगर कुणी केला?

"तीस वर्षांच्या कारकिर्दीत माझ्या हातून एकही गुन्हेगार सुटलेला नाही," असं माझा खाजगी गुप्तहेर मामा स्वतःबद्दल सांगतो. हे अक्षरशः खरं आहे. त्याच्या हाती एकही लागलेला नाही, मग सुटणार कुठून?

मी त्याची भाची. संख्याशास्त्राची पदवी घेतली आहे आणि नोकरी लागेपर्यंत मामाची सहायक आहे. त्याचे तर्क लिहून ठेवणं आणि नंतर लोकांची माफी मागणं, ही माझी दोन कामं. दुसऱ्यात वेळ जास्त जातो.

मामाच्या वरच्या मजल्यावर राहणारे साहेब लिफ्टदुरुस्तीची कंपनी चालवतात. परवा त्यांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. खोलीत ते होते, कर्मचाऱ्यांच्या विकासासाठी नेमलेला कोच होता आणि टेबलाच्या टोकाला पर्स मांडीवर घट्ट धरून लिफ्टताई बसल्या होत्या. लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे फोन घेणाऱ्या या बाईंना सगळं ऑफिस याच नावाने हाक मारतं. तक्रार विभागाचं प्रमुखपद त्यांनाच मिळणार, हे जवळपास ठरलेलं होतं.

"माझ्या प्रश्नावलीतून माणसाचा प्रकार कळतो," कोच म्हणाला. "दीपस्तंभ, शीड, वल्हं किंवा नांगर."

"शेतातला?" मामाने विचारलं.

"जहाजाचा."

"लिहून घे," मामा माझ्या कानात म्हणाला. "प्रकरणाला समुद्राचा वास आहे."

लिफ्टताई मागच्या वर्षी दीपस्तंभ निघाल्या होत्या, म्हणजे जन्मजात नेत्या. यंदा निघाल्या नांगर, म्हणजे तळाशी पडून राहणाऱ्या. कोचच्या मते प्रकार जन्मभर बदलत नाही. तेव्हा दोनपैकी एकदा प्रश्नावली दुसऱ्याच कुणीतरी भरली असणार.

"तसं सिद्ध झालं तर प्रमुखपद सोडाच, नोकरीही जाईल," साहेब म्हणाले.

"दोन्ही वेळा मीच भरली हो!" लिफ्टताई म्हणाल्या. "फक्त यंदा मी फार दमले होते. यांना सांगितलंही तसं."

"प्रश्नावलीत दमण्याचा रकाना नाही," कोच म्हणाला.

मी विचारलं, "यांचे गुण किती होते?"

"बोलकेपणात मागच्या वेळी बत्तीस, यंदा एकोणतीस. तिसाच्या वर दीपस्तंभ, खाली नांगर."

"म्हणजे तीन गुणांचा फरक!"

"तेवढ्या भोकाने जहाज बुडतं."

"पण वजनकाटा दोनदा वेगळं वजन दाखवायला लागला तर आपण काटा तपासतो. उभा राहिलेला माणूस तोतया आहे असं नाही म्हणत."

कोच माझ्याकडे पाहून मायेने हसला. "ताई, या प्रश्नावलीवर कितीतरी कंपन्यांचा विश्वास आहे."

"विश्वास आहे, कळलं. ती तपासली कुणी?"

"विश्वास आहे ना!"

"मध्ये बोलू नकोस," मामा मला म्हणाला. "इथे तर्काचं काम आहे."

मामाचा पहिला संशय स्टोअरकीपरवर गेला. प्रमुखपदावर त्याचाही डोळा असणार आणि त्यानेच लिफ्टताईंच्या नावाने प्रश्नावली भरली असणार.

"मी?" स्टोअरकीपर म्हणाला. "अहो, मी वल्हं निघालो. तेव्हापासून साहेब मला मीटिंगला बोलवतात ते खुर्च्या लावायला. उत्तरं फिरवता आली असती तर आधी स्वतःची नसती फिरवली?"

"फारच पटण्यासारखं बोलतो," बाहेर आल्यावर मामा म्हणाला. "संशयास्पद आहे."

मग त्याला संमोहनाची शंका आली. जिन्यात त्याने लिफ्टताईंसमोर किल्ल्यांचा जुडगा हलवून पाहिला. थोड्या वेळाने त्यालाच घेरी आली. पाणी प्यायल्यावर त्याला जुळ्या बहिणीची कल्पना सुचली आणि आम्ही लिफ्टताईंच्या घरी गेलो. त्यांच्या सासूबाईंनी दार उघडलं.

"तुमच्या सुनेला जुळी बहीण आहे?"

"नाही हो. एक भाऊ आहे."

"दिसायला?"

"टकला."

"विग लावता येतो," मामा माझ्याकडे वळून म्हणाला. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"अहो, झालंय काय?" सासूबाईंनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या कपाळावर हात मारून घेत म्हणाल्या, "म्हणजे वकील अडकला तो दिवस!"

"कोण वकील?"

"लिफ्टमध्ये अडकलेला. सुटका होईपर्यंत त्याने हिला आपला अख्खा खटला सांगितला, पहिल्या तारखेपासून. हिने फोन ठेवला आणि त्या कोचने कागद पुढे केला. 'लोकांशी बोलून तुम्हाला ताजंतवानं वाटतं का?' अशा वेळी कोण हो म्हणेल? घरी आली तर मलाही मानेनेच उत्तरं देत होती. मागच्या वर्षी सुट्टी संपवून गेली होती, तेव्हा भिंतीशीसुद्धा बोलली असती."

"हे आधी का नाही सांगितलंत?" मामा गरजला.

"विचारलंत कुठे? तुम्ही तिच्या भावाच्या टकलावर अडून बसलात!"

आम्ही ऑफिसात परतलो. कोच ऐकायला तयार नव्हता. त्याचं एकच पालुपद, "थकव्याने प्रकार बदलत नाही. मी स्वतः कायमचा दीपस्तंभ आहे."

"मग आत्ता भरून दाखवा," मी म्हटलं.

"भराच," साहेब म्हणाले. "आणि हे खोटं निघालं तर पुढच्या वर्षीचा करार विसरा."

कोचने घाम पुसत उत्तरं लिहिली. मी बेरीज केली. तो नांगर निघाला, आणि तोही बराच खोल गेलेला.

साहेबांनी बेरीज पुन्हा तपासली. मामा मात्र सावकाश उभा राहिला. त्याचे डोळे चमकत होते.

"प्रकार जन्मभर बदलत नाही. खरा कोच दीपस्तंभ आहे. समोर बसलाय तो नांगर. म्हणजे हा कोच नाहीच! तोतया सापडला!"

आणि आम्हाला सगळ्यांना बाहेर ढकलून त्याने खोलीला कुलूप ठोकलं. आयुष्यातला पहिला गुन्हेगार पकडल्याच्या आनंदात त्याने किल्ली अशी काही पिरगळली की ती कुलपातच तुटली.

आतून दारावर धक्के बसू लागले. "उघडा! मला कोंडलेलं सहन होत नाही! श्वास लागतोय!"

साहेब किल्लीवाल्याला फोन लावायला धावले. लिफ्टताईंनी पर्स बाजूला ठेवली आणि दाराला टेकून खाली बसल्या.

"दादा, मी इथेच आहे," त्या म्हणाल्या. आवाज कोमट पाण्यासारखा. "माणूस निघालाय. तुम्ही खाली बसा बघू. बसलात? आता मला सांगा, लहानपणी तुम्ही कुठे राहत होतात?"

धक्के थांबले. आतून हुंदका आला आणि मग कोच बोलू लागला. त्याचं घर, परसातली विहीर, कडक वडील. हातात फोन घेऊन साहेब जागच्या जागी थबकले. तिकडून किल्लीवाला हॅलो हॅलो करत राहिला. साहेब बराच वेळ ऐकत होते. शेवटी ते लिफ्टताईंजवळ वाकले.

"बाई," ते म्हणाले, "उद्यापासून विभाग तुम्हीच सांभाळा."

लिफ्टताईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, साहेब. ते आत्ता कुठे तिसरीत गेलेत."