आउटरला उभी गाडी

दहाव्याचा पिंड मांडून तास होत आला, तरी पांझरेच्या काठावरचा कावळा निंबावरून खाली उतरायला तयार नव्हता. रुपचंद ड्रायव्हरच्या मुलानं, देवचंदनं, हात जोडून आईला सांभाळीन म्हटलं, अर्धं राहिलेलं घर पुरं करीन म्हटलं, शेवटी सगळ्यांसमोर सिगारेट सोडल्याचंही जाहीर केलं. कावळ्यानं फांदीवर चोच घासली आणि मान फिरवली.

"अकरापर्यंत पाहू," गुरुजी म्हणाले. "नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववू. तशी सोय आहे."

रुपचंदच्या बायकोला, सुगंधाबाईंना, ही सोय मुळीच पसंत नव्हती. छत्तीस वर्षं वाफेचं इंजिन हाकलेल्या माणसाची गवताच्या कावळ्यावर बोळवण करायची, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी मागच्या रांगेत नजर टाकली. तिथं मोतीलाल फिटर होता होईल तेवढं अंग चोरून उभे होते.

"मोतीलालभाऊ," त्या म्हणाल्या, "त्यासना जीव तुमना इंजिनमा अडकेल शे."

मोतीलालना हेच भय होतं. लोकोशेडमधून दोघे एकाच वर्षी निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी मित्राला शब्द दिला होता की तुझं इंजिन तुला पत्र्याचं करून देतो, पण चालतं. इंजिन हुबेहूब झालं. घोडं अडलं ते मोटरपाशी. टेपरेकॉर्डरची मोटर लावली तर इंजिन रुळावरून सुसाट सुटायचं. रुपचंदनं एकदाच पाहिलं आणि विचारलं, "हाई इंजिन शे का उंदीर? इंजिन पळत नही, मोतीलाल. इंजिन निंघस."

तेव्हापासून दोन वर्षं दातेरी चाकं बदलण्यात गेली आणि रुपचंद वाट पाहून निघून गेला. त्या दुःखात मोतीलालनी मोटरच्या दांड्यावर पितळी मळसूत्र बसवलं, त्याला चाळीस दात्यांचं चाक जोडलं. तेवढ्यानंही मन भरेना, म्हणून पुढं आणखी एक तशीच जोडी घातली. आता मोटरचे सोळाशे फेरे झाले की चाकाचा एक व्हायचा. हे जरा जास्तच झालं, हे त्यांना कळत होतं, पण सांगायचं कुणाला?

सायकलवरून जाऊन त्यांनी इंजिन आणलं. पाच फुटांचा रूळ पिंडापर्यंत मांडला आणि लांब वायरीचं बटण हातात धरून ते माणसांत येऊन बसले. बटण दाबलं. मोटर घूं करू लागली. इंजिन जागचं हललं नाही.

"बिघडलंय का काका?" देवचंदनं हळूच विचारलं.

"चाललंय. चाकाकडं बघ."

सगळ्यांनी चाकाकडं पाहिलं. चाक खरोखर फिरत होतं. मुंगी मागून येऊन पुढं गेली, पण इंजिन निघालं होतं. चोपड्याचे पाहुणे एसटीची वेळ मोजू लागले. अकरा वाजले तेव्हा गाडी अर्ध्या वाटेवर होती. गुरुजी दर्भ घेऊन उठले.

"बसा गुरुजी," सुगंधाबाई म्हणाल्या. "गाडी वाटवर शे, सेक्शनमा."

छत्तीस वर्षांत नवऱ्याची गाडी एकदाही वेळेवर आलेली न पाहिलेल्या बाईपुढं अकराचं काय कौतुक? गुरुजी बसले.

पिंड वीतभर राहिला आणि इंजिन थांबलं. सेल दमले होते. त्यांना थोडी उसंत दिली तर ते आणखी जरासं ओढतील, हे फिटरला ठाऊक होतं. त्यांनी बटणावरचा अंगठा उचलला. पण एवढ्या माणसांत सेलचं नाव काढायची त्यांना लाज वाटली.

"आउटरले उभा शेतस," सुगंधाबाई शांतपणे म्हणाल्या. "सिग्नल भेटना नही. भाऊ, सिग्नल दखाडा."

कुणीही हसलं नाही. मोतीलालनी गुरुजींच्या पुढ्यातलं केळीचं हिरवं पान उचललं, उभे राहिले आणि नोकरीत कधी दाखवला नव्हता इतक्या मानानं ते हलवलं. दुसऱ्या हातानं बटण दाबलं. इंजिन हललं, वीतभर गेलं आणि पिंडाला हलकंच टेकून उभं राहिलं. पिंडाची एक कड ढासळली.

कावळा खाली आला. इंजिनाच्या धुराड्यावर बसला, मान वाकडी करून आत पाहिलं, मग उतरून पिंडाचा घास घेतला आणि उडाला.

मोतीलालचे डोळे भरून आले. मित्र गेल्यापासून ते आज पहिल्यांदा रडत होते. "वहिनी, माझी चूक झाली," ते म्हणाले. "मी चाकांची एक जोडी जास्त घातली. इतकं सावकाश काही तो चालवत नव्हता."

सुगंधाबाईंनी मुलाकडं पाहिलं. "देवा, कितला वाजनात?"

"अकरा वीस."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "वीस मिनिट लेट," त्या म्हणाल्या. "मंग त्याच शेतस."