आप्पांच्या दोन बोटांचा काटा

आमच्या गल्लीत मूल जन्मलं की आधी आप्पांच्या हातात जायचं, मग पाळण्यात. आप्पा त्याला दोन्ही तळव्यांवर घ्यायचे, डोळे मिटायचे आणि वजन सांगायचे. मला त्यांनी पावणेतीन शेर ठरवलं होतं. पुढे मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले, तरी रस्त्यात भेटले की त्यांची सुरुवात ठरलेली. "पावणेतीन शेराची हुतीस बग." बरोबर माझ्या विद्यार्थिनी असल्या तर जरा मोठ्यानं.

विमानतळाकडे निघण्याआधी तुम्ही दोघं नातवंडं बॅगा घरच्या काट्यावर चढवता, असं तुमच्या आईनं लिहिलं आहे. ते वाचून मला आप्पा आठवले.

ते आमचे शेजारी. गुळाच्या पेठेत चाळीस वर्षं ढेपा तोलून घरी बसलेले. पेठेत वजनावरून तंटा झाला की व्यापारी अजूनही त्यांना बोलावून न्यायचे. डाव्या हाताच्या दोन बोटांवर ते काहीही जोखत. पिशवी, कळशी, दुसऱ्याच्या हातातली छत्री. आकडा सांगून झाला की म्हणत, "हात खोटं बोलत न्हाय." भाजीवाली त्यांना लांबून पाहिलं की आपणहून दोन वांगी जास्त टाकी. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. एका माणसाच्या भाकरीचं पीठसुद्धा मुठीत जोखून घेत.

पन्नास साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात शिक्षकांसाठी दहा आठवड्यांचा अभ्यासक्रम होता आणि त्यासाठी माझी निवड झाली. जाणं विमानानं. पत्रात बजावलं होतं की सामान चव्वेचाळीस पौंडांच्या वर चालणार नाही, जास्तीचं मुंबईलाच काढून ठेवावं लागेल. वडिलांनी पत्र वाचून दाखवलं. आप्पांनी क्षणभर बोटं मोजली आणि म्हणाले, "एकवीस शेर दीड पाव. माझ्यावर सोडा."

वडिलांनी हळूच सुचवलं की पेठेतून काटा आणू या. आप्पा उठून गेले आणि दोन दिवस आमच्या दारावरून मान वळवून जात राहिले. तिसऱ्या दिवशी आईनं आमटीची वाटी पाठवली, तेव्हा कुठे मिटलं. काट्याचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

मी यादी केली होती. अनुक्रमांक, वस्तू, नग, शेरा. आप्पांनी ती दोन बोटांत धरली आणि म्हणाले, "हिचंच वजन जास्त हाय." मग रोज संध्याकाळी तपासणी. बॅगेच्या मुठीत दोन बोटं अडकवायची, ती वीतभर उचलायची, डोळे मिटायचे. आम्ही सगळे श्वास रोखून भोवती उभे.

कांदा-लसूण चटणीचा पत्र्याचा डबा त्यांनी पहिल्या दिवशीच हद्दपार केला. चटणी कापडी पिशवीत बांधली, त्यामुळे माझ्या पेटीकोटांना पुढे वर्षभर लसणाचा वास येत होता. तेलाची बाटली अर्धी केली. टूथब्रशाची मूठ करवतीनं निम्मी केली. विलायतेत इतकं आखूड घासणारी मी एकटीच असेन.

बॅग बरोबर चव्वेचाळीस पौंडांवर आली. निघायला आठवडा होता. मी कुलूप लावलं, यादीवर शेवटची खूण केली. दुसऱ्या दिवशी आप्पांनी सवयीनं मुठीत बोटं घातली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सेहेचाळीस भरतीया. आत काय घातलंसा?"

मी काहीच घातलं नव्हतं. सगळ्यांनी आईकडे पाहिलं. तिनं अंबाबाईची शपथ घेतली, तरी आप्पा म्हणाले, "वहिनी, चटणी हाय." उघडून पाहिलं तर चटणी होती तेवढीच. जाड शाल काढली. दोन दिवसांनी पुन्हा पंचेचाळीस. बुटांचा दुसरा जोड काढला. निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा सेहेचाळीस. आता काढण्यासारखं एकच उरलं होतं, माझा शब्दकोश. त्याच्यासाठी मी हट्ट धरला. ते बराच वेळ बॅग उचलून उभे राहिले. मग म्हणाले, "पोरी, जड हाय गं. लई जड हाय." त्यांचा आवाज इतका पडलेला मी कधी ऐकला नव्हता. मी मुकाट्यानं शब्दकोश काढला.

मुंबईच्या विमानतळावर बॅग काट्यावर चढली. काटा सदतिसावर थांबला. मी पुन्हा ठेवायला लावली. पुन्हा सदतीस.

आधी संताप आला. शब्दकोश बसला असता. शाल तर नक्की बसली असती, आणि इंग्लंडच्या त्या उन्हाळ्यात ती रोज आठवली. पण विमानात बसल्यावर मी हिशेब मांडला. मला तसं केल्याशिवाय राहवत नाही. काट्यावरचे सदतीस, आणि शेवटच्या आठवड्यात काढलेली शाल, बूट, शब्दकोश मिळून सातेक पौंड. बेरीज चव्वेचाळीसच आली. म्हणजे पहिल्या दिवशी हात बरोबर होता. चुकला तो शेवटच्या आठवड्यात.

परत आले ती बोटीनं, बॅगेत पुस्तकं भरून. कोल्हापूरच्या स्टेशनावर टांगेवाल्यानं बॅग उचलताना विचारलं, "बाई, दगडं आणल्यासा काय विलायतंची?" गल्लीत टांगा थांबला तर सगळे बाहेर उभे. आप्पांच्या आकड्यावर चहाच्या पैजा लागल्या होत्या, हे मला नंतर कळलं. ते स्वतः कट्ट्यावर बसून होते. उठले नाहीत.

"जाताना किती भरली म्हंबईला?"

सगळे पुढे सरकले. मी आयुष्यात वहीत चुकीचा आकडा लिहिलेला नाही.

"बरोबर चव्वेचाळीस," मी म्हणाले.

मागे कोणीतरी शिट्टी मारली. आप्पांनी नुसती मान हलवली. मग ते उठले, टांग्याजवळ आले, माझ्याकडे न बघता मुठीत दोन बोटं अडकवली, बॅग खाली घेतली आणि डोळे मिटले.

"हलकी हाय की गं," ते म्हणाले. "कायबी वजन न्हाय."

टांगेवाल्यानं तोंड उघडलं. मी वर्गात बघते तसं त्याच्याकडे बघितलं. त्यानं ते मिटलं.

आप्पा बॅग घेऊन आमच्या दाराकडे चालू लागले होते.