वाल्टररावांची दुसरी सही

परकी चलन या विषयात माझा हात धरील असा माणूस त्या काळी कोल्हापुरात नव्हता, हे मी नम्रपणे नमूद करतो. मी शाळेत भूगोल शिकवतो. येन, क्रोन, लिरा, पेसो... कुठल्या देशात काय चालतं ते मला झोपेतून उठवून विचारा! आता यातलं एकही नाणं मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, ही गोष्ट खरी. मी पश्चिमेला रत्नागिरीपर्यंत गेलो आहे. पुढे समुद्र लागला म्हणून परत आलो. पण झोपेत माझा मुक्काम कायम परदेशी. दुपारी खाटेवर आडवा झालो की निळ्याशार सरोवराच्या काठी एक बँक दिसते. आत पाऊल टाकलं की काचेपलीकडची गोरी बाई हसते. कोऱ्या करकरीत नोटा ती माझ्यापुढे सरकवणार, एवढ्यात आमची कालिंदी हाक मारते, "अहो, गिरणीवरचं दळण कोण आणणार?" जगातल्या कुठल्याही बँकेतून मी आजवर नोटा घेऊन बाहेर पडलेलो नाही.

आणि चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत, एका शुक्रवारी सकाळी, ते स्वप्नच एस.टी. स्टँडवर माझ्यापुढे येऊन उभं राहिलं!

त्याचं नाव वाल्टर. गाव स्वित्झर्लंडमधलं. शेवग्याची शेंग उभी करून तिला शर्ट घातल्यासारखा दिसत होता. गोव्याहून मुंबईला निघालेला हा गृहस्थ चहा प्यायला कोल्हापुरात उतरला. चहा गरम, माणूस सावकाश. बस गेली! खांद्यावरची पिशवी तेवढी त्याच्याजवळ होती. गोव्यात रुपये संपलेले. उरलं होतं ते ट्रॅव्हलर्स चेकांचं एक पुडकं.

"रविवारी पहाटे माझी वेरेना विमानानं मुंबईला उतरतेय," तो इंग्रजीत म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "दोन वर्षं आमची भेट नाही. मी वेळेवर येत नाही यावरूनच मागं बिनसलं होतं. या खेपेला मी विमानतळावर दिसलो नाही, तर ती बाहेरही न पडता परत जाणार आहे."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणजे तिथवर पोचेल तेवढा ठेवला.

"चिंता सोडा! तुम्ही योग्य माणसाला भेटलात."

वाचकहो, त्याला भाड्यापुरते पैसे कुणीही उसने दिले असते. पण परकी चलनाचा जाणकार शेजारी उभा असताना पाहुण्यानं उसनवारी करायची? छे! कोल्हापूरची काय अब्रू राहिली?

आमच्या पेठेतल्या बँकेचे मॅनेजर अंबादासपंत. अतिशय सज्जन माणूस. कागद समोर आला की आधी तो उजेडाकडे धरायचा, मग माणसाकडे बघायचं, ही त्यांची रीत. त्यांनी चेक उजेडाकडे धरला.

"मास्तर, हे काय आहे?"

"प्रवासी धनादेश! स्विस फ्रँकचा!"

"आमच्या शाखेत आजवर आलेला नाही."

"मग उद्घाटन समजा."

पंतांनी लोखंडी कपाटातून नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं, धूळ झटकली, शिंकले आणि वाचू लागले. चेकावर एक सही आधीच केलेली असते. दुसरी सही अधिकाऱ्यासमक्ष करायची. दोन्ही तंतोतंत जुळल्या की पैसे!

"पण भाव विचारायला मुंबईला ट्रंक कॉल लावायला हवा," पंत म्हणाले. "आज लागेल न लागेल. उद्या या. शनिवार आहे, बारापर्यंत चालू."

उद्या बारा म्हणजे दुपारच्या बसला आरामात वेळ! मी वाल्टरला घरी आणलं. कालिंदीनं त्याला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "खाटेत मावायचे नाहीत हे. पाय खिडकीबाहेर काढावे लागतील."

संध्याकाळी मी त्याला रंकाळ्यावर नेलं. पाण्यात अर्धा बुडालेला संध्यामठ, पलीकडे उसाचे फड, कुठल्याशा गुऱ्हाळाचा धूर पाण्यावर आडवा पसरलेला, हवेत काकवीचा वास. आम्ही कट्ट्यावर बसलो.

"आमच्या तळ्यापलीकडे बर्फाचे डोंगर असतात," तो हळूच म्हणाला. "वेरेना काठावर बसून पाय पाण्यात सोडते."

आणि काय सांगू! त्या धुरामागं मला खरोखर बर्फ दिसू लागलं. एक पांढरी बोट निघाली, तिच्यावर मी उभा, अंगात लोकरीचा कोट. वाल्टर त्याच्या वेरेनाकडे बघत होता, मी त्याच्या डोंगरांकडे. समोर म्हशी पोहत होत्या, त्या दोघांनाही दिसत नव्हत्या.

रात्री तीच बोट पुन्हा आली. पहाटेपर्यंत मी सरोवरात होतो. पहाटे कधीतरी नावाडी माझ्याकडे वळून म्हणाला, "पावण्याला घिऊन जाऊ का?"

"न्या की!" मी म्हणालो. "अगदी दमेपर्यंत न्या!"

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर आलं होतं. वाल्टरची खाट रिकामी!

"कालिंदी! वाल्टर कुठाय?"

"हंबीररावांनी नेला तालमीत."

"तालमीत? कुणाला विचारून?"

"तुम्हाला. खिडकीतून विचारलं त्यांनी. दमेपर्यंत न्या म्हणालात. मी ऐकलं ना."

हंबीरराव आमचे समोरचे. कसबा बावड्यात ऊस, दारात म्हशी, आणि गल्लीच्या टोकाला तालीम. मन लोण्याचं, हात ओंडक्याचे. काल वाल्टरला बघून ते एवढंच म्हणाले होते, "पावणं लई वाळलंय, मास्तर. ह्ये बरं न्हाय."

मी धावत तालमीत गेलो. आखाड्याच्या कडेला एक उंच तांबडी आकृती भिंतीला टेकून बसली होती. डोक्याला फेटा, अंगभर माती, हातात धारोष्ण दुधाचा लोटा. हातात म्हणजे, लोटा हंबीररावांच्या हातात होता आणि तोंड वाल्टरचं होतं.

"हंबीरराव, काय केलंत हे?"

"काय न्हाय की! जोर काढून घेटलं. मग आखाडा खणाय लावला. गडी नाजूक दिसतोय, पर मागं सराय तयार न्हाय! आता ह्येच्या दंडावर लिंबू ठिवलं तर ऱ्हाईल."

"व्हेरी गुड," वाल्टर क्षीणपणे हसला. "पण माझे हात कुठे आहेत?"

हात जागेवरच होते. फक्त ते आता त्याचं ऐकत नव्हते.

साडेदहाला आम्ही बँकेत हजर! मी, वाल्टर, आणि पाहुण्याला एकटं कसं सोडायचं म्हणून हंबीरराव. पंतांनी सकाळीच मुंबईहून भाव मिळवून ठेवला होता. टेबलावर चेक, बाजूला दौत-टाक, सगळं लग्नाच्या तयारीसारखं मांडलेलं.

"करा सही."

वाल्टरनं टाक उचलला. टाक थरथरू लागला. मग टेबल थरथरू लागलं. पहिल्या सहीच्या खाली एक गांडूळ उमटलं, ते वळवळत कागदाच्या कडेपर्यंत गेलं आणि तिथून खाली पडलं.

पंतांनी चेक उजेडाकडे धरला. मग वाल्टरकडे पाहिलं. मग पासपोर्टातल्या फोटोकडे पाहिलं. फोटोतला माणूस पांढरा, समोरचा तांबडा!

"मास्तर, यातलं काहीच जुळत नाही."

"मातीचा रंग आहे हो! आंघोळीला वेळ मिळाला नाही."

"आंघोळ केल्यानं सही जुळणार आहे का?"

"सायेब, एक मिनिट!" हंबीरराव पुढे झाले. "गडी आखडलाय. मोकळा करतो की!"

आणि बँकेच्या बाकावर पाहुण्याची मालीश सुरू झाली! तिळाच्या तेलाची बाटली हंबीररावांच्या खिशात कायम असते. रांगेतली माणसं रांग सोडून भोवती जमली. धोंडुबाई भाजीवाली पेन्शन काढायला आलेल्या दीराला सोडून पुढे आली आणि म्हणाली, "आगं बया! त्येच्या आईनं बघितलं तर काय म्हनंल?"

"मनगट धरा, मनगट!" कॅशियर जाळीतून ओरडला.

"कोपरापास्नं उतरवा!" कुणीतरी मागून म्हणालं.

दुसरा चेक. या वेळी हात थरथरला नाही. तेलानं टाकच निसटला आणि सरळ पंतांच्या शर्टाच्या खिशाजवळ जाऊन रुतला! चेकावर तेलाचा डाग पडला आणि त्यातून खालचं टेबल दिसू लागलं. पंतांनी तोही उजेडाकडे धरला. आता धरायची गरज नव्हती, तरी धरला.

घड्याळात पावणेबारा. वाल्टर पुटपुटला, "वेरेना..." मी मनात विमानतळ पाहिला. धुकं, काचेचं दार, एक मुलगी इकडे तिकडे बघतेय, मग वळतेय...

आणि मग मी ती गोष्ट केली. चांगल्या हेतूनं केली, एवढं लक्षात घ्या.

वाल्टरची पहिली सही मी कालपासून बघत होतो. चढ, उतार, खाचा, मध्येच एक खोल घळ. ती सही म्हणजे हुबेहूब नॉर्वेचा किनारा! नॉर्वे मी फळ्यावर वीस वर्षं काढतोय, तोही मुलांकडे तोंड करून, कारण पाठ फिरवली की ती बाण मारतात. पाहुण्याला वळण समजावं म्हणून मी एका कोऱ्या कागदावर टाक टेकवला.

"हे बघा वाल्टर, उत्तरेकडून सुरुवात. इथे फियॉर्ड, म्हणजे खोल खाडी, इथे वळण, आणि दक्षिणेला शेपूट. झालं! एवढं सोपं!"

पंतांनी माझा कागद उचलला, चेकाला लावला, दोन्ही उजेडाकडे धरले. एकावर एक तंतोतंत!

"जुळली!" हंबीरराव ओरडले. "द्या पैसं!"

गर्दीनं टाळ्या वाजवल्या. धोंडुबाईनं माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. पंतांचा चेहरा मात्र पिठासारखा पांढरा झाला होता.

"मास्तर," ते फार हळू आवाजात म्हणाले, "ज्याचे चेक आहेत त्याला सही येत नाही. तुम्हाला येते. मग या पुडक्यावरच्या पहिल्या सह्या कुणी केल्या?"

"अहो पंत! मी भूगोलाचा शिक्षक!"

"ते मला ठाऊक आहे. मला काय ठाऊक नव्हतं ते आता कळतंय."

"हा नॉर्वे आहे हो!"

"काल स्वित्झर्लंड म्हणाला होतात."

मी घाईघाईनं नकाशाशास्त्र समजावू लागलो. जितकं समजावलं तितके पंत खुर्ची मागं सरकवत गेले. शेवटी पट्टेवाल्यानं दाराशी जाऊन उभं राहायचं की पळायचं, असं खुणेनं विचारलं. पंत खुर्चीतून उठले.

"मी पोलिसांना बोलवत नाही, कारण माझी पुतणी तुमच्या वर्गात आहे आणि चाचणी परीक्षा जवळ आहे. पण हे चेक या बँकेत वटणार नाहीत. नमस्कार!"

बाराचे टोल पडले. शटर खाली आलं. आम्ही तिघं फुटपाथवर. वाल्टर पायरीवर बसला. त्याला डोकं हातात धरायचं होतं, पण हात तिथवर येईनात, म्हणून तो डोकंच खाली नेत होता. ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"एवढं काय झालं ओ?" हंबीरराव म्हणाले. "बँकेत खातं न्हाय निघालं तर न्हाय निघालं!"

"खातं? खातं कशाला? त्याला मुंबईला जायचंय! उद्या पहाटे त्याची होणारी बायको विमानानं येतेय! भाड्याला पैसे नाहीत!"

हंबीररावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते दूध न देणाऱ्या म्हशीकडे पाहतात.

"मुंबईला जायाचंय व्हय?"

"हो!"

"मग ह्ये काल सांगाय काय झालतं? माझ्या मेव्हण्याचा गुळाचा ट्रक रोज सांजच्याला मुंबईला जातोय की! काल तर मोकळाच गेलता, निम्मा!"

वाचकहो, मी वाल्टरशेजारी पायरीवर बसलो आणि डोकं हातात धरलं. माझे हात तिथवर पोचत होते.

संध्याकाळी मार्केट यार्डातून ट्रक निघाला. कालिंदीनं दशम्यांचं गाठोडं दिलं. वाल्टरला दोघांनी उचलून गुळाच्या रव्यांवर, म्हणजे ढेपांवर, बसवलं. मावळतीचा उजेड त्या रव्यांवर असा पडला होता की सगळा ट्रक सोन्याचा वाटत होता, आणि त्यावर फेटा बांधलेला, हात न हलवता येणारा एक राजपुत्र तरंगत चालला होता. मी वळणापर्यंत बघत राहिलो.

मंगळवारी ट्रकचा ड्रायव्हर आकाराम परत आला. मी यार्डात त्याची वाटच बघत होतो.

"पोचला का वेळेवर?"

"पोचवला की! येकट्याला सोडू कसा? विमानतळावर ट्रक लावून मीबी दारात हुबा ऱ्हायलो. बाई आली. वारणाबाई."

"वेरेना."

"तीच. आली ती पळतच. पर पावणं नुसतं खांबासारखं हुबं! हातच पसरलं न्हाईत. बाईचं तोंड पडलं. तिला वाटलं, मन फिरलं गड्याचं. बॅग उचलून निघाली की माघारी!"

"अरे देवा! मग?"

"मग काय, मी आडवा गेलो. भाषा येत न्हाय, म्हनून तिथंच फरशीवर जोर मारून दावलं. मग पावण्याचं दंड दावलं. बाई आधी बघतच ऱ्हायली. मग हसाय लागली, हसता हसता रडाय लागली. आन् तिनंच त्येचं दोन्ही हात उचलून आपल्या गळ्यात घाटलं. हवालदारबी डोळं पुसत हुता."

मला भरून आलं. कुठल्यातरी सरोवराकाठी हा प्रसंग आता वर्षानुवर्षं सांगितला जाणार. त्यात एका भूगोलाच्या मास्तरचंही नाव येणार!

"आकाराम," मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझा विषय निघाला का रे काही?"

"निघाला की! वाटंत मीच काढला. म्हनलं, पावणं, ह्ये मास्तर मधी पडलं नसतं तर तुमी शुक्रवारच्या ट्रकनं, दोन हातांसकट, कवाच पोचला असता."

"त्याला कुठे मराठी कळतंय!"

"काय कळलं काय म्हाईत. पर मान हलवली त्येनं. लई येळ हलवली. तेवढीच हलत हुती की त्येची!"